प्रश्न वाचकांचे: कॉकर स्पॅनियल आणि खान्देशातले हवामान

मागील अंकात पाळीव प्राण्यांविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच जातीच्या कुत्र्याविषयी, म्हणजे कॉकर स्पॅनियलविषयी असल्यामुळे या वेळचा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. जागेअभावी पत्रांतील नेमका मजकूर तेवढाच घेतला आहे. मी स्वतः पशुवैद्यक आहे आणि माझी बहुतेक वर्षे तापीकाठच्या गावांमध्ये गेली आहेत. त्यामुळे उत्तरे देताना पुस्तकातल्या स्पॅनियलपेक्षा आपल्याकडच्या उन्हात, कुसळात आणि कूलरच्या वाऱ्यात राहणारा स्पॅनियल माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आमच्या मुलीला कॉकर स्पॅनियल पाळायचा आहे. घर दुमजली असून पुढे ओटा आणि मागे लहानसे अंगण आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, सासूबाई घरी असतात. नातेवाइकांकडचे पिल्लू पाहून त्या म्हणाल्या, "हाई कुत्रं शे का बकरू?" हा कुत्रा राखणीला उपयोगी पडेल का? त्याचा स्वभाव कसा असतो?
एक वाचक, अमळनेर

सासूबाईंनी नेमके बकरीसारख्या लोंबत्या कानांवर बोट ठेवले आहे, आणि या जातीचे सारे सुख-दुःख त्या कानांशीच बांधलेले आहे. त्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

राखणीसाठी हा कुत्रा आणू नये. दारात कोणी आले की तो भुंकेल, परंतु दार उघडताच शेपटी हलवत पाहुण्याच्या पायांशी जाईल. इंग्लंडमध्ये ही जात झुडपांत दडलेले पक्षी हुसकावून उडवण्यासाठी आणि शिकार तोंडात अलगद धरून मालकाकडे आणण्यासाठी घडवली गेली. वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरूनच तिला 'कॉकर' हे नाव मिळाले. नाकाने माग काढणे, झुडपात घुसणे, वस्तू तोंडात धरून मिरवणे आणि माणसाच्या जवळ राहणे हे तिच्या रक्तात आहे. ज्वारीच्या रानात तितर उडाला, तर तुमच्या हाका त्याला ऐकू येणार नाहीत, हे धरूनच चालावे.

इंग्लिश कॉकर साधारण ३८ ते ४१ सेंटिमीटर उंच आणि १३ ते १४ किलो वजनाचा असतो. अमेरिकन कॉकर त्याहून थोडा लहान असतो. त्याचे डोके अधिक गोल, थूथन आखूड आणि केस फार दाट असतात. अमेरिकन केनेल क्लबने १९४६ मध्ये या दोन्हींची नोंद वेगळी केली. आपल्याकडे विकणारे बहुधा नुसतेच 'कॉकर' म्हणतात, म्हणून पिल्लाचे आई-वडील प्रत्यक्ष पाहून घ्यावेत. खान्देशासाठी मला विचाराल, तर कमी केसांचा इंग्लिश कॉकर अधिक सोयीचा वाटतो.

या कुत्र्याला एकटेपणा सोसत नाही. दिवसभर बंद घरात राहिलेला स्पॅनियल भुंकत राहतो, चपला कुरतडतो आणि स्वतःचे पंजे चाटून लाल करून घेतो. आपल्या घरी सासूबाई असतात ही त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. परंतु मग दिवसाचे आठ तास तो त्यांचा कुत्रा असणार आहे. तेव्हा मुलीला विचारण्याआधी त्यांना विचारा. त्यांची मनापासून तयारी असेल, रोज तासभर त्याला फिरवणे आणि पंधरा मिनिटे केस विंचरणे घरातील कोणाच्या तरी नावावर पक्के होणार असेल, तर अवश्य आणा. बारा-तेरा वर्षांची सोबत आहे.

माझ्या चार वर्षांच्या कॉकरच्या कानांना आंबूस वास येतो. तो सारखा कान फडफडवतो आणि डोके जमिनीवर घासतो. दर वेळी मेडिकलमधून तेच थेंब आणून घालतो. आठ दिवस बरे वाटते आणि महिनाभरात पुन्हा तेच सुरू होते. असे का होते?
एक वाचक, चोपडा

हे पत्र मी दोनदा वाचले, कारण दवाखान्यात येणाऱ्या स्पॅनियलपैकी कित्येकांची कहाणी हीच असते.

कुत्र्याची कानाची नळी माणसासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. स्पॅनियलच्या बाबतीत या नळीवर जड, केसाळ पाळीचे झाकण असते, नळीत केस असतात आणि मेण तयार करणाऱ्या ग्रंथीही इतर जातींपेक्षा अधिक असतात. आत ऊब, ओल आणि मळ एकत्र येतात, वारा लागत नाही, आणि त्वचेवर एरवी निमूटपणे राहणारी यीस्ट नावाची बुरशी किंवा जिवाणू तेथे भराभर वाढतात. तपकिरी, चिकट मळ आणि आंबूस वास हे बहुधा यीस्टचे लक्षण असते. पिवळा, पातळ, दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर जिवाणूंचा संशय येतो. दोन्हींची औषधे वेगळी आहेत. म्हणून कानातील मळ काडीवर घेऊन काचपट्टीवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय थेंब घालणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे. शिवाय कानाचा पडदा फाटलेला असेल, तर काही थेंब आतल्या कानाला कायमची इजा करू शकतात. तेव्हा ते थेंब आजच थांबवा आणि कान आतून तपासून घ्या.

दुखणे परत का येते, याची दोन कारणे मला दिसतात. एक म्हणजे बरे वाटताच औषध मध्येच सोडले जाते. दुसरे कारण अधिक खोल आहे. वारंवार कान बिघडणाऱ्या कुत्र्याला पुष्कळदा त्वचेची ॲलर्जी असते, आणि कान हा त्या त्वचेचाच भाग असतो. तो पंजे चाटतो का, काखेत आणि पोटावर लाली दिसते का, याचे निरीक्षण करून डॉक्टरांना सांगा. ॲलर्जी सापडली नाही, तर थेंब बदलत राहाल आणि कान वाहत राहील.

कान स्वच्छ कसा करावा, हे कोणीतरी हाताला धरून शिकवावे लागते. तरी येथे लिहितो. कुत्र्याच्या कानांसाठीचे क्लीनर घ्यावे. खोबरेल तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा व्हिनेगर वापरू नये. पाळी वर उचलून नळी भरेल इतके द्रावण सोडावे आणि कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, अंगठा व दोन बोटांनी अर्धा मिनिट हलके चोळावे. आत पचपच असा आवाज येतो. तो आला म्हणजे द्रावण खालपर्यंत पोहोचले असे समजावे. मग हात सोडून द्यावा. कुत्रा जोरात डोके झाडेल आणि सुटलेला मळ स्वतःच वर आणेल. तो कापसाने, आपले बोट जाईल तेवढ्याच खोलीपर्यंत पुसावा. कान साफ करण्याच्या काड्या आत घालू नयेत, त्यांनी मळ आणखी खाली दाबला जातो. निरोगी कान आठवड्यातून एकदा उघडून पाहावा, वास घ्यावा आणि मळ दिसला तरच साफ करावा. रोज साफ करूनही कान चिघळतो.

तीन साध्या सवयी पुष्कळ त्रास वाचवतात. आंघोळीनंतर किंवा कालव्यात डुंबून आल्यावर कान आतून कोरडे करावेत. पाळीच्या आतल्या बाजूचे आणि नळीच्या तोंडाभोवतीचे केस महिन्यातून एकदा मशीनने बारीक करावेत. पाण्याचे आणि अन्नाचे भांडे अरुंद तोंडाचे, खोल घ्यावे, म्हणजे तोंड आत आणि कान बाहेर राहतात. थाळीत जेवणाऱ्या स्पॅनियलचे कान प्रत्येक जेवणाला वरणात भिजतात. ते केस वाळून कडक होतात आणि त्यांचाच गुंता होतो.

सतत कान फडफडवल्याने पाळीतील रक्तवाहिनी फुटून पाळी उशीसारखी फुगू शकते. तसे दिसले तर एक दिवसही थांबू नका.

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. आमच्या स्पॅनियलचे केस पूर्ण भादरून टाकावेत का? कूलरसमोर बसवले तर चालेल का?
एक वाचक, भुसावळ

पूर्ण भादरू नका. कातडी दिसेपर्यंत केस काढले तर ऊन थेट त्वचेवर येते, आणि स्पॅनियलचे केस पुन्हा येताना पुष्कळदा रेशमी न राहता लोकरीसारखे येतात. त्यांचा गुंता आधीपेक्षा लवकर होतो. होळीच्या सुमारास पाठीवरचे केस बोटाच्या रुंदीएवढे ठेवून पोट, काखा, जांघा, पंजांची बेचकी आणि कानांखालची जागा मात्र चांगली मोकळी करावी. उष्णता बाहेर पडायला याच जागा उपयोगी पडतात. केसांत गुंते असतील, तर आधी ते काढावेत. गाठी झालेल्या केसांतून वारा आत जात नाही आणि खाली त्वचा ओली राहते.

कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, म्हणजे तोंडातील ओल हवेत उडवणे, हीच त्याची थंड होण्याची मुख्य रीत आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो आणि त्याच्या वाऱ्यात कुत्रा सुखाने झोपतो. परंतु जूनमध्ये ढग दाटून आले, हवा दमट झाली आणि पाऊस मात्र पडत नसला, की कूलर खोलीत ओल भरतो आणि कुत्र्याची धाप उपयोगाची राहत नाही. त्या आठ-पंधरा दिवसांत कूलरचे पाणी बंद करून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नुसता पंखा वापरावा. उष्माघाताची प्रकरणे माझ्याकडे मेच्या मध्यावर येतात तशी या दिवसांतही येतात, आणि 'आता तर ऊन उतरले' असे म्हणणारे मालक गोंधळून जातात. धाब्याचे जुने घर असेल, तर दुपारी त्याला खालच्या खोलीत, शहाबादी फरशीवर ठेवावे. पत्र्याच्या खोलीत मात्र घटकाभरही ठेवू नये.

फिरायला सूर्य उगवण्याआधी आणि रात्री नऊनंतर न्यावे. डांबरी रस्ता सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेला असतो. आपला हात उलटा करून सात सेकंद रस्त्यावर ठेवता आला नाही, तर कुत्र्याला त्यावरून चालवू नये.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले, की जीव धोक्यात येतो. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी आधी जागेवरच थंड करावे आणि मग दवाखाना गाठावा. नळाचे साधे पाणी अंगावर, विशेषतः पोटावर आणि पायांवर, सतत ओतावे आणि पंखा जोरात लावावा. ओले पोते किंवा टॉवेल अंगावर टाकून ठेवू नये. तो काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवावे, तोंडात जबरदस्तीने ओतू नये. तो सावरला असे वाटले, तरी त्याच दिवशी तपासणी व्हावी, कारण मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दिसू शकतो.

आमचा कुत्रा रोज आमच्याबरोबर शेतात येतो. दिवाळीपासून तो पुढचा पाय उचलून चालतो. बोटांमध्ये फोड येतो, फुटतो, भरतो आणि परत येतो. गोचिडीही फार होतात.
एक शेतकरी वाचक, शिरपूर

दिवाळी, शेत आणि बोटांच्या बेचक्यातला फोड हे तिन्ही एकत्र आले, की मी प्रथम कुसळ शोधतो. पावसाळा संपल्यावर बांधावरचे आणि सातपुड्याच्या उतारावरचे गवत वाळते. त्याच्या कुसळाला सुईसारखे टोक आणि मागे वळलेली बारीक लव असते, म्हणून ते आत सरकते, पण मागे येत नाही. स्पॅनियलच्या पंजावरच्या लांब केसांत ते अडकते, चालताना कातडीत शिरते आणि आत पुढे पुढे जात राहते. प्रतिजैविकाने सूज उतरते. कुसळ तेथेच असते. एका काळ्या कॉकरच्या पायातून मी असेच कुसळ काढले होते. फोड बोटांच्या बेचक्यात होता आणि कुसळ मनगटाजवळ सापडले, पूर्ण अखंड, ओल्याने काळे पडलेले. आपल्या कुत्र्याला भूल देऊन जखम उघडून पाहावी लागेल, त्याला पर्याय नाही.

पुढे काय करायचे, ते हातांनी करायचे आहे. पंजांचे केस ऑक्टोबर ते जानेवारी अगदी आखूड ठेवा. शेतातून आल्यावर त्याला ओट्यावर उभा करून डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही हातांनी उलट्या दिशेने केस चाचपा. बोटांची बेचकी, काखा, कानांच्या आतली बाजू, गळपट्ट्याखालची जागा या ठिकाणी कुसळ, गोखरू आणि गोचीड हमखास सापडतात. शेतातून आल्या आल्या अचानक एकाच बाजूला डोके झुकवून तो कान झाडू लागला, तर कानात कुसळ गेले असे समजून त्याच दिवशी दाखवा.

गोचिडीमुळे होणारा ताप हा या भागातला मोठा आजार आहे. कुत्रा खात नाही, सुस्त पडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, क्वचित नाकातून रक्त येते. रक्त वेळेवर तपासले तर उपचार आहेत. गोचिडीवरील गोळ्या किंवा मानेवर टाकायचे थेंब वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या. गोठ्यातल्या गुरांसाठी आणलेले औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगावर टाकू नका, आणि रॉकेल तर कधीच लावू नका. विषबाधा होऊन कुत्रे दगावते. कुत्र्यावरची गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, त्यामुळे त्याची झोपायची जागा आणि आसपासच्या भेगाही साफ कराव्या लागतात.

आणखी एक, आपण विचारले नसले तरी. कपाशीवर फवारणी झालेल्या शेतात त्याला सोडू नका. औषध केसांना लागते आणि तो ते चाटून पोटात घेतो. लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, अंग थरथरू लागले, तर हातमोजे घालून साबणाने धुवा आणि औषधाची रिकामी बाटली सोबत घेऊन दवाखान्यात धावा. बाटलीवरच्या नावावरून उतारा ठरतो.

विकणारा चाळीस दिवसांचे पिल्लू द्यायला तयार आहे आणि शेपटी कापूनच देतो म्हणतो. घ्यावे का?
एक वाचक, पाचोरा

घेऊ नये. श्वानप्रजननाच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आईजवळचे शेवटचे दोन-तीन आठवडे गेले, की चावा किती जोरात घ्यायचा याचा धडाही बुडतो. शेपटी काटेरी झुडपांत फाटू नये म्हणून शिकारी कुत्र्यांची कापली जात असे. इंग्लंडमध्येही २००७ पासून काम करणाऱ्या कुत्र्यांसारखे अपवाद सोडता शेपटी कापणे बंद आहे. स्पॅनियलचा आनंद त्याच्या शेपटीत दिसतो. ती राहू द्या.

आमचा स्पॅनियल भाकरी, भरीत, शेवभाजीचा रस्सा, केळी सगळे आवडीने खातो. वजन १९ किलो झाले आहे. काय बदलावे?
एक वाचक, रावेर

भरीत आणि रस्सा आजपासून पूर्ण बंद. आपल्या भरितात कांद्याची पात आणि लसूण असतो, आणि कांदा-लसूण शिजवलेला असला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. परिणाम लगेच न दिसता काही दिवसांनी हिरड्या फिकट होणे आणि लघवी गडद होणे अशा रूपात दिसतो. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेटही देऊ नयेत.

केळ्याला माझी हरकत नाही, रावेरच्या घरात ते टाळणे शक्यही नाही. परंतु दिवसाला दोन-तीन चकत्या पुरेत. भाकरी चालते, मात्र भाकरीने पोट भरते आणि प्रथिने कमी पडतात. उकडलेले अंडे, हाडे काढलेले उकडलेले चिकन, दुधी किंवा गाजर आणि थोडी भाकरी असे द्यावे, किंवा तयार खाद्य मोजून द्यावे. दोन्ही पोटभर देऊ नये. शिजवलेली हाडे आतडी फाडतात. जेवण सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी असावे. स्पॅनियलला पोट भरल्याचे समाधान जणू ठाऊकच नसते आणि त्याचे डोळे फार केविलवाणे असतात. त्या डोळ्यांकडे पाहून घास देणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला हे पत्र वाचून दाखवा. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, इतके वजन असावे. ते महिन्याला अर्धा-पाऊण किलो याच गतीने उतरवावे.

एरवी प्रेमळ असलेला आमचा कुत्रा चप्पल किंवा मोजा तोंडात धरला की गुरगुरतो. ओढायला गेलो तर मुलाला चावला. त्याला मारावे का?
एक वाचक, धुळे

मारू नका. तोंडात धरलेले जपण्याची ओढ या जातीत जन्मजात असते. हिसकावल्याने त्याला एवढेच कळते की माणसे वस्तू पळवतात, आणि पुढच्या वेळी तो आधी चावतो. गुरगुरल्याबद्दल मार बसला, तर तो गुरगुरणे सोडून थेट चावू लागतो. त्याऐवजी अदलाबदल शिकवा. उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी धरा, 'सोड' म्हणा, वस्तू सुटली की तुकडा द्या आणि निम्म्या वेळा तीच वस्तू परत करा. मुलाने हे करू नये, मोठ्यांनीच करावे. चपला मात्र आजपासून वर ठेवा. मुलाची जखम पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने धुतली गेली नसेल, तर अजून धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याला आजच रुग्णालयात न्या. कुत्रा लसवंत असला तरी तो निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या.

हा स्वभाव नव्याने दिसू लागला असेल, तर कुत्र्याचे कान आणि दात तपासून घ्या. कान ठणकत असताना डोक्याजवळ हात आला, की गरीब स्पॅनियलही गुरगुरतो.

आमची स्पॅनियल नऊ वर्षांची आहे. रात्री अंगणात जायला घाबरते, पायऱ्यांवर थबकते. दिवसा नीट वागते. डोळे चमकतात, पण दुखत असावेत असे वाटत नाही. ती आंधळी होत आहे का?
एक वाचक, शहादा

आपण लिहिलेली लक्षणे डोळ्याचा पडदा हळूहळू झिजण्याच्या आजाराशी जुळतात. तो आनुवंशिक आहे आणि कॉकरमध्ये आढळतो. अंधारातली नजर आधी जाते, बाहुली मोठी राहते म्हणून डोळा रात्री अधिक चमकतो, आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत दिवसाचीही नजर जाते. यात वेदना नसतात, परंतु थांबवणारा उपचारही आज नाही. तरीही नेत्रतपासणी करून घ्या, कारण मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो आणि काचबिंदू असेल तर तो फार दुखतो, त्यावर तातडीने औषध लागते. डोळा लाल होणे, निळसर धुरकट दिसणे किंवा ती तो मिटून धरणे ही काचबिंदूची चिन्हे आहेत. तिची पिल्ले कोणाकडे असतील, तर त्यांनाही कळवा. त्यांच्यापासून पुढे पैदास करण्याआधी जनुकीय चाचणी करता येते.

नजर गेली, तरी स्पॅनियलचे नाक जाग्यावर असते, आणि तिचे निम्मे जग नाकातच आहे. घरातील खाट, कपाट, पाण्याचे भांडे यांची जागा बदलू नका. पायरीच्या वरच्या टोकाला गोणपाटाचा तुकडा टाका, म्हणजे पंजाला खरखर लागली की पुढे उतार आहे, हे तिला कळेल. स्पर्श करण्याआधी नावाने हाक मारा. रात्री अंगणात नेताना पुढे चाला आणि चालताना तिच्याशी बोलत राहा. दोन-चार दिवसांत ती आपल्या आवाजामागे पायऱ्या उतरू लागेल.